उंबऱ्याबाहेरची धूळ

रामकिशन जुन्या बॅटऱ्यांतले शिसे वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला होता. त्याच्या कपड्यांवरून घरी येणारी शिशाची धूळ चिमुकल्या दीपिकेच्या रक्तात उतरली आहे, असे परभणीच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि त्या दिवसापासून त्याने जणू व्रतच आरंभिले. भट्टीचे कपडे तो भट्टीवरच ठेवी, तिथेच अंग घासून स्नान करी, आणि तरीही मनातली शंका फिटत नसल्यामुळे लेकीला जवळ घेत नसे.

आज पुन्हा रक्त तपासले, तर शिसे उतरण्याऐवजी वाढलेले निघाले.

घरी येताच रामकिशन ओल्या फडक्याने कोनाडे, फळ्या, उंबरा पुसत सुटला. धूळ कुठे दडली आहे, ते त्याला उमगेना.

"हळू की रे," नव्या वाकळीत तोंड खुपसून झोपलेल्या नातीला थोपटत त्याची आई म्हाळसाबाई म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

 

"तू जवळ घेईनास, मग लेकरू लय रडायचं," वाकळ नातीच्या अंगावर सारखी करत ती पुढे म्हणाली. "पेटीतले तुझे भट्टीवरचे जुने सदरे जोडून ही वाकळ शिवली, तवापासून बापाच्या कुशीत निजल्यावानी गुमान निजतंय."