बाकावरची मोकळी जागा

सुज्ञ वाचकहो, एका शाळकरी मुलाची हकिकत आपणांसमोर सविनय सादर करीत आहे. ती शांत चित्ताने वाचावी.

दारू सोडण्याचे उपचार पुरे करून दहावीतला तो मुलगा शाळेत परतला, त्याच सकाळी सभागृहात व्यसनविरोधी कार्यक्रम होता. पाहुण्यांनी कळकळीचे भाषण केले व सर्वांकडून शपथ घेवविली, 'मी वाईट संगतीपासून दूर राहीन.' त्यानेही ती घेतली, सर्वांहून मोठ्याने.

वर्गात तो बाकावर टेकला, तोच शेजारचा मुलगा दप्तर उचलून उठला.

"का रे, काय झालं?"

"राग मानू नकोस यार, पण आत्ताच शपथ घेतलीय ना."

मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन मैदानभर हिंडला. ज्या घोळक्यात जाऊन बसावे, तो घोळका हळूच पांगे. अखेर त्याचे पाय आपसूक सायकली ठेवण्याच्या जागेमागच्या भिंतीकडे वळले. तिथे बाटली मध्ये ठेवून बसलेले त्याचे जुने सोबती त्याला पाहताच सरकून बसले.

"आलास होय, शेठ! बस, बस. तुझी जागा आम्ही कुणाला दिली नाही."

आपण वेळ काढून वाचलेत, आभारी आहे.

आपला नम्र,
त्या मुलाचा बाप