टोपलीचा तळ

डॉक्टरने टोपलीवरचं पांढरं फडकं अलगद उचललं आणि तो म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहत राहिला.

तो काही खरा डॉक्टर नव्हे. संग्रहालयाच्या तळघरात मोडक्यातोडक्या वस्तू सांधायचं काम तो करी, म्हणून वरच्या मजल्यावरच्या लोकांनी त्याला हे नाव चिकटवलं होतं. एकोणीस वर्षांत त्याचं काम पाहायला मुद्दाम असं कुणी खाली उतरलं नव्हतं. साहेब वर्षातून एकदा यायचे, तेही भिंतीला ओल आली का ते बघायला. घरीही कौतुक करणारं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे ही टोपली ज्या रानातल्या लोकांकडून आली होती, त्यांच्यापैकी एक बाई तिचा फोटो पाहून दोन दिवसांचा प्रवास करून येतेय म्हटल्यावर त्याने सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. शाबासकीसाठी तो आसुसला होता, आणि या वयात ते दिसू नये म्हणून उगाच गंभीर चेहरा करून उभा होता.

पोर पाठीवर घेऊन हिंडायची वेताची टोपली ती. आली तेव्हा तिच्या तळाला वीतभर भोक होतं. तीन महिने खपून त्याने ते बुजवलं. तसाच वेत मिळावा म्हणून चार बाजार पालथे घातले, त्याच्या पातळ पट्ट्या, चोया तासल्या, जुना रंग यावा म्हणून आठ वेळा चहाच्या पाण्यात बुडवल्या. आता नवं कुठं नि जुनं कुठं, ते त्यालाही भिंग लावल्याशिवाय कळत नव्हतं.

बाईला भिंग लागलं नाही. तिने टोपलीत हात घातला, बोटं तळावरून फिरली आणि थांबली.

"हे कुणी केलं?"

"मीच," डॉक्टरला हसू आवरेना. "उंदरांनी कुरतडलं असणार, मावशी. केवढं भगदाड होतं! आता पोर बसवलं तरी पडायचं नाही."

बाईने हात बाहेर काढला नाही.

"उंदीर नव्हते, बाबा. माझ्या आईने कापलं होतं ते. माझा थोरला भाऊ असायचा यात. पाऊल टाकायच्या आधीच गेला. आमच्यात पोर गेलं की आई आपल्या हाताने टोपलीचा तळ कापते आणि टोपली झाडाला टांगते. म्हणजे पोर मोकळं होतं. नाहीतर आत बसून राहतं, आई पुन्हा उचलेल म्हणून वाट बघत."

डॉक्टरने टोपलीवरून हात मागे घेतला.

"टोपलीसोबत आलेल्या कार्डावर तसं काही नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "तळ फाटलेला, एवढंच लिहिलं होतं."

"झाडावरून काढणाऱ्याने विचारलं असतं, तर सांगितलं असतं. आई मरेपर्यंत म्हणायची, कुठं का असेना, तळ उघडा आहे ना, मग झालं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने तो या टोपलीशी गप्पा मारत बसला होता. टोपली ज्यांची, त्यांना एक पत्र टाकावं, हे मात्र त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याने मुकाट्याने कात्री तिच्यापुढे धरली.

तिने ती परत सारली. "मी नाही. तू बंद केलंस, तूच उघड. आणि कापू नकोस. आईने कापलेली कड तशीच राहू दे. तुझं तेवढं काढून घे."

"साहेबांची परवानगी लागेल, मावशी."

"बुजवताना घेतली होतीस?"

"हो. साहेबांची."

बाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच नजर खाली घेतली, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, खुर्चीत टेकला आणि चिमट्याने पहिली चोई सैल करू लागला. ती हलेना. फारच घट्ट बसवली होती त्याने.

बाई वाकून बघत होती. "हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली. "आमच्यातही आता इतकं घट्ट कुणी विणत नाही."

एकोणीस वर्षांनी मिळालेली ती शाबासकी डॉक्टरला घेताही येईना, टाकताही येईना.

"संध्याकाळ होईल," तो मान वर न करता म्हणाला. "तुम्ही वर जाऊन बसा. झालं की बोलावतो."

"नको. हे काम एकट्याने करायचं नसतं," असं म्हणून ती बसायला काही मिळतं का ते पाहू लागली.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरच्या लक्षात आलं, की या खोलीत खुर्ची एकच आहे.