दोन लिटर कमी

"इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही, आणि हलली की लाथ मारते," एल्डन ब्रेक्के म्हणाला. "संपली ती. भंगारात काढा."

डार्ला एल्डनच्या अंगणात, बॉनेटखाली डोकं घालून उभी होती. गावातलं एकमेव गॅरेज तिचं. ही तेवीस वर्षांची पिकअप तिच्या चांगल्या ओळखीची होती. एल्डननं ती जुनी घेतली आणि नव्यासारखी ठेवली. दर रविवारी चर्चमधून आलं की गिअरबॉक्सचं तेल मोजायचं, मगच जेवायला बसायचं, हा त्याचा नेम.

"तेल मी बघितलंय," मागून त्याचा मुलगा कर्टिस म्हणाला. "पट्टीवर पूर्ण आहे. गिअरबॉक्सच आतून गेलाय."

कर्टिस फार्गो शहरातून का आलाय, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बापाचं वय त्र्याऐंशी. त्याच्याकडून किल्ल्या घ्यायच्या आणि त्याला फार्गोला न्यायचं, हे टुमणं त्यानं वर्षभर लावलं होतं. गावापासून चौदा मैलांवरच्या या घरात गाडीवाचून राहता येत नाही. गाडी गेली की घर गेलंच.

एल्डन काही बधणारा नव्हता. एकतीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली होती आणि एकाही पोराला ओरखडा येऊ दिला नव्हता. "आमच्या घराण्यात कुणी आपल्या हातानं किल्ल्या दिलेल्या नाहीत," तो म्हणायचा. "गाडीच मेली तर गोष्ट वेगळी."

आत्ता त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या बिटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या बाजूला सारल्या आणि तिथूनच डार्लाला कॉफीचा कप दिला.

"कर्टिस, तेल मोजलंस तेव्हा गिअर कुठे होता?" डार्लानं विचारलं.

"पार्कमध्ये. आणखी कुठे असणार?"

"शाळेत होतास तस्साच आहेस."

या ऑटोमॅटिक गाडीचं तेल इंजिन गरम करून, चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये मोजायचं असतं. पार्कमध्ये पट्टी खोटं बोलते, तेल कमी असलं तरी भरलेलं दाखवते. हे डार्लाला सतराव्या वर्षी एल्डननंच शिकवलं होतं, बसच्या शेडमध्ये, टपली मारून.

तिनं न्यूट्रलमध्ये मोजलं. पट्टीच्या टोकाला जेमतेम तेल लागलं. रंग स्वच्छ लाल, जळका वास नाही. कागदावर पुसून पाहिलं, काळा कण नाही. मग ती गाडीखाली शिरली. तिथे सगळं कोरडं ठणठणीत, धुळीवर साधा डागही नव्हता.

"दोन लिटर कमी आहे," ती बाहेर येत म्हणाली. "गळती तर कुठेच नाही. तेलाला काय पाय फुटले?"

"वय झालं की सगळ्यांचंच थोडं थोडं कमी होतं, पोरी."

"रविवारी मोजलं नव्हतंत?"

"राहून गेलं," एल्डन म्हणाला.

डार्लानं कर्टिसकडे पाहिलं. पट्टीच्या भोकातून बारीक नळी घालून हातपंप मारला तर दहा मिनिटांत दोन लिटर तेल निघतं, गाडीखाली शिरायलाही लागत नाही. कर्टिस दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेला होता आणि दुखणं त्यानंतरच सुरू झालं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं दोन लिटर तेल भरलं आणि शेजारच्या हिंकलींच्या वळणापर्यंत चक्कर मारून आली. त्या वळणावर हिंकलींची पहिलीतली पोर रोज सकाळी बसची वाट बघत उभी असते. गिअर लोण्यासारखे पडत होते.

"हिंकलींची रस्त्याकडेची टपालपेटी कुणी आडवी केली?" परत आल्यावर तिनं विचारलं.

"बर्फ काढणाऱ्या गाडीनं असेल," एल्डन म्हणाला आणि आत गेला.

बर्फ पडायला अजून महिना होता. पण डार्लाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिनं कर्टिसला अंगणातच गाठलं.

"सख्ख्या बापाशी असं वागतात? घर सोडायला लावायचं होतं तर तोंडानं सांगायचंस. चोरून तेल कसलं काढतोस?"

"आईशपथ, मी हात लावलेला नाही!" कर्टिस लालबुंद झाला. "तेल कुठून काढतात हे मला कळत असतं तर मी पार्कमध्ये मोजलं असतं का?"

डार्लाचा राग मात्र तसाच राहिला.

एल्डननं ओव्हनमधून बटाटे-खिम्याचं हॉटडिश काढलं आणि दोघांना जेवायला बसवलं. डार्लानं मुद्दाम, कर्टिसला दिसेल अशा बेतानं, किल्ल्या म्हाताऱ्याच्या ताटापाशी ठेवल्या.

"घ्या, म्हातारबुवा. अजून दहा वर्षं पळेल. तुम्हाला इथून कुणी हलवत नाही."

एल्डन किल्ल्यांकडे बघत राहिला. त्यानं त्या उचलल्या नाहीत.

काहीतरी करायचं म्हणून कर्टिसनं हात लांबवून खिडकीतली एक बरणी घेतली. चिठ्ठीवर त्याच्या आईचं अक्षर होतं.

"ती नको," एल्डन म्हणाला. "जुनी आहे."

"आईचं बीट कधी खराब होतं का, बाबा?" कर्टिसनं झाकण फिरवलं आणि काटा आत घातला. तळापर्यंत ढवळला. काट्याला एकही फोड लागली नाही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक लाल थेंब पडला आणि संथपणे पसरला. आंबट वास आलाच नाही. जो वास आला तो डार्लानं झोपेतही ओळखला असता, गिअरबॉक्सच्या तेलाचा.

एल्डननं किल्ल्या मुलाच्या ताटाकडे सरकवल्या.

"मी पाडली त्या टपालपेटीपासून हिंकलींची पोर हातभर लांब होती," तो म्हणाला.