रुझेकचा हात

क्लेम हॅव्हर्टीनं बेसबॉलच्या ग्लोव्हची उसवलेली शिवण पुन्हा घातली आणि दातांनी दोरा तोडला. तळव्याखालचा सगळा भराव त्यानं काढून फेकून दिला होता. असा पोकळ ग्लोव्ह असला की लेचापेचा चेंडूही बंदुकीसारखा वाजतो. चेंडू झेलण्यात हयात गेलेल्या जुन्या कॅचरांना ही चलाखी ठाऊक असते, ऑफिसातल्या साहेबांना नसते.

क्लबचा कारभार बघणाऱ्या लॅथमसाहेबांनी कालच त्याला बोलावून घेतलं होतं.

"रुझेकच्या कोपराचं ऑपरेशन झालं. आता करार वाढवायचा की नाही, ते तू सांग. उद्या सकाळी तूच त्याचे चेंडू झेल."

"पण डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर बीम हाडं बघतात. चेंडू तुला कळतो."

क्लेमला रात्रभर झोप आली नाही. चेंडू फेकणारा पिचर म्हणून डेनी रुझेक क्लबात आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. फलंदाजामागे उकिडवा बसलेला कॅचर मांडीआड बोटांनी कसल्या खुणा करतो, हेसुद्धा त्याला क्लेमनंच शिकवलं. करार गेला तर पोरगा ओहायोला परत जाणार, मेव्हण्याच्या कसाईखान्यात डुकरं कापायला. ते क्लेमला बघवणार नव्हतं. हात अजून भरला नसला तरी भरेल, आणखी एक उन्हाळा मिळाला पाहिजे. तेवढ्यासाठी खोटं बोलायची त्याची तयारी होती.

त्याचा स्वतःचा करारही यंदा अजून आला नव्हता. पण तो दरवर्षी असाच रेंगाळत यायचा. गेल्या हंगामात त्याचा डावा अंगठा मोडला होता, तो जुळला. कॅचरच्या बोटांचं कोण कौतुक करत बसतो!

फ्लोरिडातलं ऊन सकाळीच तापलं होतं. मैदानावर चौघंच होते. लॅथमसाहेब कुंपणाला टेकून उभे राहिले. डॉक्टर बीम मात्र थेट क्लेमच्या पाठीमागे, जाळीपाशी येऊन थांबले.

"डॉक्टर, पिचर तिकडे आहे," क्लेम म्हणाला.

"इथून बरं दिसतं."

काय बरं दिसतं इथून, ते क्लेमला कळेना. डेनी चेंडू चोळत जवळ आला. तो नजर चुकवत होता.

"घाबरलास काय रे, पोरा?"

"मी कशाला घाबरू? तुझं काय, म्हाताऱ्या? अंगठा कसाय?"

"माझा अंगठा गेला खड्ड्यात. तू आपलं कोपर सांभाळ."

डेनी काहीतरी बोलणार होता. पण लॅथमसाहेबांकडे बघून तो चेंडू टाकायच्या जागेकडे वळला.

पहिला चेंडू आला. त्यात दमच नव्हता. तान्हं बाळ हातात द्यावं तसा तो अलगद आला. क्लेमनं तो मुद्दाम नेमका तळव्यावर घेतला. फाट्‌! कुंपणावरची कबुतरं उडाली.

"आईशप्पथ!" क्लेम ओरडला. "जरा बेतानं टाक रे, माणूस बसलाय इथं!"

चेंडूमागून चेंडू येत राहिले, सगळे मऊ, सगळे नेमके त्याच्या छातीसमोर. प्रत्येक वेळी हातातून कळ खांद्यापर्यंत जायची आणि प्रत्येक वेळी क्लेम वाहवा करायचा. बिचाऱ्याचा हात गेला, त्याला वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याचं की दुःखाचं, त्याचं त्यालाच कळेना.

"डेनी, जोर लाव!" लॅथमसाहेब म्हणाले.

"हाच जोर आहे, साहेब."

"मग आता जमिनीलगत टाक. दोन्ही बाजूंना."

हे काय नवीन? कोपर तपासायचं तर कॅचरला मातीत लोळवून काय कळणार? पण क्लेम लोळला. एकही चेंडू त्यानं मागे जाऊ दिला नाही. पाठीमागे डॉक्टर समाधानानं हुंकारले. कोपर तर तिकडे लांब, मग हा हुंकार कशाचा?

"शेवटचा एक," लॅथमसाहेबांनी आवाज चढवला. "अंग राखलंस तर याद राख, डेनी."

डेनी थोडा घुटमळला. मग त्यानं पाय उचलला.

चेंडू क्लेमला दिसलाच नाही. तो ग्लोव्हात घुसला तेव्हा डाव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी कट्‌कन वाजलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण क्लेम हसत होता. पूर्वीचाच चेंडू होता तो, पूर्वीचाच डेनी! खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. मग कार्टं इतका वेळ खेळ का करत होतं?

तो कसाबसा उठला. ग्लोव्ह त्यानं छातीशी धरला होता.

"साहेब, डोळे झाकून करार वाढवा. हात शंभर नंबरी आहे."

लॅथमसाहेब हसत जवळ आले. डेनीही पळत आला.

"डेनीची सही कधीच झालीय, क्लेम. त्याचा हात आम्ही आधीच बघितला होता. आज तुला बघायचं होतं. अंगठा मोडल्यावर तू पूर्वीसारखा झेलतोस का, अशी शंका होती. सांगितलं असतं तर तू दुखणं लपवलं असतंस, म्हणून डेनीला गप्प बसवलं. हा पठ्ठ्या तुझ्या काळजीनं अंग राखणार, हेही मला माहीत होतं. पण आवाज ऐकला ना मी! इतक्या माऱ्याला जो टिकला, तो हात धडधाकटच असणार."

"दोन वर्षं, म्हाताऱ्या!" डेनी ओरडला. "तुझा करार दोन वर्षांचा आहे!"

"आता हाताची तपासणी, तेवढी एक औपचारिकता उरलीय," लॅथमसाहेब म्हणाले. "डॉक्टर, या. क्लेम, काढ तो ग्लोव्ह."