हळदीचे कोपरे

हातकागदाच्या हौदातला लगदा गुलाबी झालेला बघून गोदामावशींनी ढवळायची काठी बाजूला ठेवली. चित्रकलेचे सर उद्या सकाळी पांढरेशुभ्र ताव न्यायला येणार होते. पहिलीच मोठी मागणी. ही हुकली की पुन्हा कोण विचारणार?

"रद्दीत लग्नपत्रिका घातल्यास ना गं कांचन? हळदीकुंकवाचे कोपरे न कापता? लगद्यात धुण्याचा सोडा असतो, त्यात हळद लाल होते, ठाऊक नाही तुला?"

"माझ्याच होत्या, मावशी. वाटायच्या राहिलेल्या. कापत बसले असते, तर नावं वाचावी लागली असती."

तिचं लग्न मोडल्याचं सगळ्या गावाला माहीत होतं. मावशींचा आवाज उतरला.

"ब्लिचिंग पावडर टाकू?" कांचनने विचारलं. "तासाभरात पांढरा होईल."

"होईल, आणि पुढे घडीवर तुटेल. आमच्या वेळी पावडर टाकून केलेल्या कागदांचा तसाच चुरा झाला. पदर खोच. साडीवर हळद सांडली की काय करतो आपण?"

"धुतो आणि उन्हात टाकतो."

"मग?"

लगदा धुऊन धुऊन पिवळ्यावर आला. त्याचे ताव काढून दोघींनी गच्चीवर पसरले. कांचन दिवसभर पाणी शिंपडत, ताव उलटत राहिली. जेवायलाही खाली उतरली नाही. उन्हं कलता कलता पिवळा रंग उडून गेला.

सकाळी सरांनी एक ताव उजेडाला धरला. "सुरेख! कशाचा केलात?"

मावशींनी कांचनकडे पाहिलं.

"रद्दीचा," कांचन म्हणाली. "आता कोरा आहे."