खोक्याची चव

मृदुलाच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पिझ्झ्यावर तिच्या दिरानं खिशातली पुडी उपडी केली. बड्या कंपनीच्या ओरेगॅनोची. चव न बघताच!

"वहिनी, गल्लीतल्या पिझ्झ्याला कंपनीची सर नाही," असं बजावत त्यानं तो कडेसकट फस्त केला.

मग त्यानं पिशवीतून त्याच कंपनीचं रिकामं खोकं काढलं. "अजून एक यात भरून द्या. साहेब जेवायला येताहेत. तुमच्या दुकानाचं नाव दिसलं, तर नाक मुरडतील."

मृदुला खोकं घेऊन आत गेली. झाकण लावून, नीट दोरा बांधून तिनं ते त्याच्या हातात ठेवलं.

"अहो, हे रिकामंच आहे!"

"मग काय झालं, भावजी? चव खोक्यालाच असते ना? तेच वाढा साहेबांना."