पाणी ते पाणी

जलतरण संघात एकच जागा उरली होती. शंभर मीटर पोहायला इस्त्रीवाल्याच्या थोरलीला चौसष्ट सेकंद लागले होते, तेही पन्नास मीटरच्या तलावात. निवड समितीच्या सचिवांच्या भाचीला लागले त्रेसष्ट, पण क्लबच्या पंचवीस मीटरच्या तलावात. सचिवांनी भाचीच्या नावावर खूण केली.

प्रशिक्षक बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. "साहेब, छोट्या तलावात तीनदा भिंत मिळते. दरवेळी पायाने रेटा दिला की आयता वेग मिळतो. मोठ्यात भिंत एकदाच. आणि स्पर्धा मोठ्या तलावात आहे!"

सचिव काडीने दात कोरत होते. काडीला लागलेलं निरखून बघत ते म्हणाले, "अहो बाई, पाणी ते पाणी. मला पोहणं शिकवू नका."

बाईंना शिसारी आली.

थोरलीचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यादी वाचून तिने टॉवेल पिळला आणि ती घरी गेली. भाची स्पर्धेला गेली. सत्तर मीटरनंतर तिचे हात उचलेनात, आणि ती सगळ्यांच्या मागून शेवटची आली. बिचारीला रडताना बघून बाईंनीच जवळ घेतलं.

सोमवारी बाईंच्या टेबलावर सचिवांच्या सहीचं पत्र होतं.



"छोट्या व मोठ्या तलावातील वेळेचा फरक आपण समितीच्या निदर्शनास का आणून दिला नाही, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."